मुंबई उपनगरी रेल्वेवरील रेडिओ संपर्क

धावत्या लोकलमधला मोटरमन, मागच्या डब्यातला गार्ड, वाटेवरचे स्टेशन मास्तर आणि दूर कंट्रोल ऑफिसात बसून आपल्या सेक्शनमधल्या (मार्गाच्या टप्प्यातल्या) गाड्यांवर लक्ष ठेवणारा सेक्शन कंट्रोलर यांच्यात निरोप पोहोचवणारी व्यवस्था. तिच्या पारंपरिक रूपात मोटरमनचा आवाज रेडिओवरून फक्त जवळच्या स्टेशनापर्यंत जातो. पुढे कंट्रोलपर्यंत तो तारेवरून पोहोचतो.

मोटरमन आणि गार्ड (२०२२ पासूनचे पदनाम ट्रेन मॅनेजर) यांच्याकडे ५ वॅटचे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) वॉकी-टॉकी असतात, तर स्टेशनात उंच अँटेनाचा २५ वॅटचा संच. लहरी १६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलायचे असल्याने दोघांनी एकदम बटण दाबले की जोरकस संच दुसऱ्याला दाबून टाकतो, आणि ज्याचे बोलणे गेले नाही त्याला ते कळतही नाही. म्हणून ऐकणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवायचा असतो. बटण दाबून क्षणभर थांबावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा गाडीचा नंबर असतो.

समजा, कळव्यापुढे पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा वीज घेणारा सांगाडा) ओव्हरहेड वायरीत अडकला. मोटरमन गाडी, मार्ग (डाऊन जलद की धीमा) आणि खांबावरचा किलोमीटर क्रमांक सांगतो. स्टेशन मास्तर कंट्रोलचा फोन उचलतात. या एका लाइनवर सेक्शनमधली सगळी स्टेशने असतात; कंट्रोलर हवे त्या स्टेशनाची घंटा सांकेतिक क्रमांकाने वाजवतो. वीज बंद करण्याचा निर्णय मात्र ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरमार्फत (ओव्हरहेड वायरीची वीज सांभाळणारा) अमलात येतो. रेडिओ मुका झालाच, तर रुळांलगत सुमारे दर किलोमीटरला असलेल्या सॉकेटमध्ये सोबतचा तारेचा फोन खोचता येतो. जवळचे सॉकेट कुठल्या बाजूला, ते खांबावरचा बाण दाखवतो.

बिघाडाचे नेहमीचे कारण बॅटरी. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला कितीतरी जास्त. त्यामुळे बॅटरी उतरलेल्या संचावर छान ऐकू येते आणि बटण दाबताच तो बंद पडतो. लॉबीतून (ड्युटीची हजेरी लावण्याच्या खोलीतून) संच घेताना दिवा पाहणे पुरेसे नाही, बोलूनच तपासावा. पोलादी केबिन लहरी अडवते, म्हणून संच खिडकीजवळ, अँटेना उभी ठेवून धरावा. सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा आणि कसारा-कर्जतपुढचे घाट हे लहरींना अडसरच.

साधा मोबाईल हा पर्याय संकटात दगा देऊ शकतो. ११ जुलै २००६च्या स्फोटांनंतर शहरभर नेटवर्क कोलमडले होते. चर्चगेट–विरार मार्गावर केबिनमध्ये कायमचा संच असलेली मोबाईल ट्रेन रेडिओ यंत्रणा आली. तिच्यात कंट्रोलर एका मोटरमनशी थेट बोलतो किंवा सगळ्यांना एकदम सूचना देतो. मधला स्टेशन मास्तरांचा टप्पा गळतो. पुढील पिढीच्या यंत्रणेसाठी २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम (लहरींचा राखीव पट्टा) मंजूर झाला.

संपर्क कितीही स्पष्ट असला, तरी रेडिओवर नुसते ‘पुढे या’ म्हटल्यावर लाल सिग्नल ओलांडता येत नाही.