कार्डिओ आणि वजनांचा एकत्रित सराव

स्नायू वाढवण्यासाठी वजने उचलणे चालू असतानाच धावणे, सायकल, दोरीवरच्या उड्या असा दम वाढवणारा व्यायामही करणे, म्हणजे एकत्रित सराव. जिममध्ये पहिल्याला 'वेट' आणि दुसऱ्याला 'कार्डिओ' म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत हा विषय बहुधा एकाच प्रश्नातून समोर येतो : रोज रनिंग केलं तर बॉडी उतरते का?

ही शंका निराधार नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तीन गटांकडून दहा आठवडे व्यायाम करून घेतला. एका गटाने फक्त ताकदीचा, दुसऱ्याने फक्त दमाचा आणि तिसऱ्याने दोन्ही व्यायाम केले. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटासारखीच वाढली, पुढे थांबली आणि शेवटी उतरू लागली. पण या गटावरचा भार विसरून चालत नाही. आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस रोज चाळीस मिनिटांचा जोरदार दमाचा व्यायाम! एवढे सहसा कोणी करत नाही.

पेशींच्या पातळीवर याचे कारण असे सांगतात : वजने उचलल्यावर एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि स्नायूंत नवी प्रथिने बांधली जातात. दीर्घ धावण्याने पेशीतली ऊर्जा उतरली की एएमपीके हे विकर सक्रिय होते आणि ते बांधणीच्या कामाला आवर घालते. माणसांत मात्र हा विरोध कागदावर दिसतो तितका कडक नसतो. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या आढाव्यात स्नायूंच्या वाढीवर आणि कमाल ताकदीवर कार्डिओचा ठळक दुष्परिणाम आढळला नाही. झटक्याने लावायची ताकद तेवढी कमी वाढली, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केल्यावर.

हा बारकावा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे-पोरी विदर्भात गावोगावी दिसतात. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या ५० गुणांपैकी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीला १५ गुण आहेत. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. म्हणजे ५० पैकी ३० गुण झटक्याच्या ताकदीचे आहेत. तरीही बहुतेक जण आधी पाच-सहा किलोमीटर पळतात आणि थकल्या पायांनी गोळा उचलतात. क्रम उलटा हवा. गोळा, १०० मीटर आणि पायांची वजने ताज्या अंगाने, आणि लांबची धाव दुसऱ्या दिवशी किंवा निदान सहा तासांच्या अंतराने. केवळ अंग कमवायचे असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा, बोलता येईल इतक्या वेगाने वीस-तीस मिनिटे पुरतात. सायकलीत पाय जमिनीवर आपटत नाहीत, म्हणून ती स्नायूंना धावण्यापेक्षा सोपी जाते.

जिमच्या तक्त्यात शेतातले काम कुठेच मांडलेले नसते. दिवसभर डवरे धरणारा, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चिखलातून फिरणारा किंवा कापसाची गाठोडी बैलबंडीत चढवणारा माणूस कित्येक तासांचा कार्डिओ करूनच संध्याकाळी व्यायामाला येतो. त्याला वर अर्धा तास पळायला सांगणे हा अन्याय आहे. निंदण-डवरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत धाव बंद ठेवून आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनेच करावीत. वावर रिकामे झाले की धाव वाढवावी.

आखाड्याला ही सांगड नवी नाही. जोर-बैठका शेकड्यांनी मारल्या की ताकद आणि दम दोन्हींचे काम होते, आणि मुद्गल फिरवतानाही श्वास लागतोच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाडा, मल्लखांब आणि मैदानी खेळ एकाच आवारात जपले. जिम नसलेल्या गावात दंड-बैठका आणि वाळू भरलेले पोते यांवरही सुरुवात उत्तम होते, फक्त भार हळूहळू वाढत गेला पाहिजे.

अंग उतरते त्याचे कारण बहुतेकदा ताटात सापडते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी लागते. ६० किलोचा मुलगा पाच किलोमीटर पळाला, तर सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे एक मोठी ज्वारीची भाकर. ती भाकर जास्तीची खाल्ली नाही, तर दोष धावण्याला देता येत नाही. स्नायू वाढवण्यासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे या मुलाला ९६ ग्रॅम. तीन अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयावडी, मूठभर भिजवलेले हरभरे, तुरीचे वरण आणि तीन भाकरी यांत ती भरतात. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची गरज नाही. वावरात सोयाबीन पिकवणाऱ्या घरांत सोयावडी क्वचितच शिजते, याचे वाईट वाटते. घरचे सोयाबीन वापरायचे तर भिजवून पूर्ण शिजवावे, कारण कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा धाव सूर्य उगवण्याआधी संपवावी आणि वजने संध्याकाळी करावीत. पाण्यासोबत मीठही जायला हवे. मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी चालते. पळताना चक्कर आली, घाम थांबला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी माणसाला लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतत राहावे आणि दवाखाना गाठावा.