पडका वाडा सावरताना

सासवडकडच्या आमच्या आजोळच्या वाड्याला आता माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उरलेलं नाही. चौकाच्या भिंती उघड्यावर उभ्या आहेत. लोक म्हणतात, जुना झाला, पडला. मला ते पटत नाही. तो पाण्याने पडला.

कोरडी माती मजल्याचं ओझं मुकाट्याने पेलते. भिजली की तिचे कण एकमेकांवरून सरकतात आणि भिंत बसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात नदीलगतच्या पेठांमधले कितीतरी वाडे असेच बसले. म्हणून पडक्या वाड्यात आधी तुळयांना टेकू द्यायचे आणि लगेच पाण्याची वाट बदलायची. भिंतीचा माथा चुन्याने उतार देऊन झाकायचा. भिंतीत रुजलेला पिंपळ मात्र उपटायचा नाही. मुळांबरोबर दगडही निघून येतात.

आमच्याकडे एका भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. हात लावला तर त्याचा पोपडा विटेची पाठ घेऊनच निघाला. मागची वीट नखाने खरवडली तरी भुगा होत होती. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग विटेतले क्षार गिलाव्यामागेच स्फटिक होतात आणि विटेला आतून फोडतात. पेशवाई बुडाली १८१८ ला, पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं १८२४ ला. या पेशवाईतल्या भिंती चुन्याच्याच सवयीच्या.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घालून तो विरवायचा, वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा. भिंतीत बसल्यावर तो हवेतला तोच वायू परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. जाड भिंतीच्या पोटात याला वर्षं लागतात. तेवढ्या काळात भिंत जरा हलली तरी चुना सोसतो. बारीक चीर पडलीच, तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे साचून ती बुजवतो. मला चुन्याचं हेच सर्वांत आवडतं.

मोठी भेग मात्र घाईने बुजवू नये. आम्ही देवघराच्या भिंतीतल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे, पाया पाहायला हवा. एक पावसाळा गेला, उन्हाळा गेला, काच अखंड राहिली. मग खालून वर, थोडा थोडा करत, पातळ चुना आत सोडला.