लँडस्केप फोटोत इम्प्रेशनिझम आला कुठून? थोडी पार्श्वभूमी

कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेले झाडांचे, समुद्राचे, गवताळ माळाचे फोटो आजकाल खूप दिसतात. याला आयसीएम म्हणतात, म्हणजे इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट. बघणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात वा, काय पेंटिंगसारखं आलंय, आणि उरलेले म्हणतात अरे हा तर फोकस गेलेला फोटो आहे, यात कला कसली. खरं सांगायचं तर हा वाद जवळजवळ याच शब्दांत 1890 साली लंडनमध्ये झालेला आहे आणि तो पण कांद्याच्या शेताच्या एका फोटोवरून. त्या फोटोपर्यंत जायच्या आधी अजून थोडं मागे जावं लागेल, पॅरिसला.

1850 च्या दशकात तिथे गुस्ताव ल ग्रे नावाचा एक फोटोग्राफर होता, शिकलेला चित्रकलाच. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात तो फोटो काढायचा, आणि त्याच जंगलाच्या कडेला बार्बिझों गावात राहून काही चित्रकार उघड्यावर बसून निसर्ग रंगवत होते, म्हणजे तीच झाडं आणि तोच उजेड दोघांच्या समोर. पुढे 1856-57 मध्ये त्याने समुद्राचे फोटो केले आणि ते प्रचंड गाजले. तेव्हाच्या कोलोडियन प्लेटचा (म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या काचेचा) प्रॉब्लेम असा होता की निळ्या रंगाला ती फार सेन्सिटिव्ह, त्यामुळे समुद्र नीट यावा म्हणून एक्स्पोजर दिलं, म्हणजे प्लेटवर तेवढा वेळ उजेड पडू दिला, की आकाश पार पांढरं व्हायचं, ढग बिग सगळे गायब. ल ग्रेने काय केलं, काही फोटोंसाठी आकाशाची निगेटिव्ह वेगळी काढली, पाण्याची वेगळी काढली आणि प्रिंट करताना क्षितिजावर दोन्ही जोडल्या. त्यामुळे 'फोटोत आहे तसंच दिसलं पाहिजे, हात लावायचा नाही' हा नियम पहिल्यापासूनचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ल ग्रेचे ढग एकदा बघावेत.

ल ग्रेचा स्टुडिओ होता 35, बुलेव्हार दे कापुसिन या पत्त्यावर. तो कर्जात बुडाला आणि पॅरिस सोडून गेला, मग 1860 मध्ये ती जागा नादार या दुसऱ्या नामांकित फोटोग्राफरकडे आली. आणि एप्रिल 1874 मध्ये नादारच्या याच जुन्या स्टुडिओत मोने, रन्वार, पिसारो, देगा वगैरे मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं, ज्यात ल हाव्र बंदराच्या सकाळचं मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' होतं आणि लुई लरुआ या समीक्षकाने त्यावरूनच सगळ्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून चिडवलं, म्हणजे बारकावे सोडून पहिल्या नजरेचा नुसता ठसा रंगवणारे. म्हणजे इम्प्रेशनिझमचा जन्म अक्षरशः एका फोटो स्टुडिओत झाला.

नातं फक्त जागेचं नाही. तेव्हाच्या लांब एक्स्पोजरमुळे रस्त्यावर चालणारी माणसं फोटोत पुसट डाग होऊन यायची, वाऱ्याने हलणारी पानं धुरकट व्हायची. मोनेने 1873 मध्ये त्याच स्टुडिओच्या परिसरातून खालच्या रस्त्याचं जे चित्र केलं त्यात माणसं अशीच डागांसारखी आहेत, आणि कोरो या फ्रेंच चित्रकाराच्या नंतरच्या चित्रांमधली धूसर झाडं पण त्या काळच्या फोटोंशी जोडून बघणारे अभ्यासक आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण नेहमी धरून चालतो की ब्लर ही पेंटिंगची गोष्ट आणि फोटोग्राफीने ती उसनी घेतली. पण कॅमेरा सुरुवातीपासून असाच बघत होता.

आता इंग्लंड. पीटर हेन्री इमर्सन, शिक्षणाने डॉक्टर, 1880 च्या दशकात नॉरफोकच्या पाणथळ भागात फोटो काढत फिरायचा, बोरूची दाट वाढ, होड्या, बोरू कापणारी माणसं. 1886 मध्ये चित्रकार टी. एफ. गुडॉलबरोबर त्याने 40 प्लॅटिनम प्रिंटचा एक अल्बम काढला. प्लॅटिनम प्रिंटमध्ये करड्या रंगाच्या इतक्या छटा मिळतात की धुक्यातलं पाणी आणि आकाश वेगवेगळं कळतं तरी मध्ये रेघ दिसत नाही. पुढे 1889 मध्ये त्याने 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, आणि डॉक्टर असल्यामुळे तो हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या आधारावर बोलत होता, की माणसाच्या डोळ्याला फक्त मधला छोटा भाग स्पष्ट दिसतो, कडेचं सगळं मऊ दिसतं, त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करकरीत शार्प फोटो हाच उलट खोटा आहे. मुख्य विषय जवळपास फोकसमध्ये ठेवा, बाकीचं थोडं सोडून द्या. म्हणजे बघा, सॉफ्ट फोकसची पहिली ठाम बाजू मांडली गेली ती सुंदर दिसतं म्हणून नाही, तर डोळ्याला खरं असंच दिसतं म्हणून.

आणि मग 1890 मध्ये जॉर्ज डेव्हिसन या फोटोग्राफरने तो कांद्याच्या शेताचा फोटो प्रदर्शनात लावला. आधी नाव होतं 'अ‍ॅन ओल्ड फार्मस्टेड', आज त्याला 'द ऑनियन फील्ड' म्हणून ओळखतात. पुढे बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याची पांढरी गोंडेदार फुलं, मागे शेतावरची घरं आणि वर आकाश, बस एवढंच. पण हा फोटो लेन्सने काढलेलाच नाही, पिनहोलने, म्हणजे लेन्सऐवजी सुईच्या टोकाएवढ्या भोकाने काढलाय, आणि प्रिंट केलाय खरखरीत कागदावर. पिनहोलमध्ये फोकस नावाचा प्रकार नसतो, जवळचं लांबचं सगळं सारखंच मऊ येतं, त्यामुळे त्या फोटोत कुठल्याच एका फुलावर नजर अडकत नाही, ती पूर्ण शेतावरून फिरत राहते. डेव्हिसनने त्याच वर्षी फोटोग्राफीतल्या इम्प्रेशनिझमवर भाषण पण दिलं. इमर्सनला हे अजिबात पटलं नाही, कारण त्याच्या थिअरीत एक तरी जागा स्पष्ट हवी आणि इथे सरसकट धूसर! शिवाय त्याच वर्षी हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी प्लेटवरच्या एक्स्पोजर आणि डेव्हलपिंगचा शास्त्रीय अभ्यास छापला, त्यावरून इमर्सनला वाटलं की टोनवर, म्हणजे काळ्यापांढऱ्याच्या छटांवर, फोटोग्राफरचा ताबा आपण समजत होतो तेवढा नाहीच. मग त्याने काळ्या बॉर्डरची एक पुस्तिका काढली, शोकपत्रच ते, नॅचरलिस्टिक फोटोग्राफी मेली आणि फोटोग्राफी ही कला नाही असं जाहीर करणारी. स्वतःच्या पुस्तकानंतर दोन वर्षांच्या आत! एवढा ताठ माणूस स्वतःचं म्हणणं मागे घेतो यावरून कळतं की या लोकांसाठी हा प्रश्न किती जिवाभावाचा होता.

पण गाडी थांबली नाही. 1888 मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला होता, बटण दाबा बाकी आम्ही बघतो असा, त्यामुळे कोणीही फोटो काढू लागला आणि कलाकार म्हणवणाऱ्यांना आपलं वेगळेपण दाखवणं भाग पडलं. 1892 मध्ये डेव्हिसन, हेन्री पीच रॉबिन्सन वगैरेंनी लंडनमध्ये लिंक्ड रिंग हा ग्रुप काढला. पॅरिसमध्ये रोबेर दमाशी आणि ऑस्ट्रियात हाइनरिश क्यून गम बायक्रोमेटवर काम करू लागले. ही प्रोसेस अशी, डिंकात वॉटरकलर आणि बायक्रोमेट मिसळून कागदाला लावायचं, निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा, जिथे उजेड लागतो तिथे डिंक कडक होतो आणि बाकीचा पाण्यात धुऊन जातो, आणि धुताना ब्रशने कुठे जास्त काढायचं कुठे ठेवायचं हे हातात असतं. वाळला की परत दुसरा थर. या सगळ्या चळवळीला पुढे पिक्टोरियलिझम नाव पडलं. दमाशीच्या काही प्रिंटमध्ये ब्रशचे फटकारे इतके आहेत की फोटो हरवूनच जातो आणि ते मला पटत नाही, पण क्यूनचे टायरोलमधले मोठे मोठे लँडस्केप बघितले की कळतं हा माणूस उजेडाच्याच मागे होता.

अमेरिकेत स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरने 1902 मध्ये फोटो-सिसेशन हा ग्रुप सुरू केला, 1903 पासून 'कॅमेरा वर्क' त्रैमासिक आणि 1905 मध्ये न्यूयॉर्कला गॅलरी. त्याचा जोडीदार एडवर्ड स्टायकन, हा पण चित्रकार. त्याचा 1904 चा 'द पाँड, मूनलाइट' बघाच. न्यूयॉर्क राज्यातल्या मॅमरोनेक इथलं एक तळं, झाडांच्या खोडांमागून चंद्र, आणि पाण्यात पडलेली त्याची चमक. व्यवहारात उतरणारी कलर फोटोग्राफी यायच्या आधीचा हा फोटो, तरी त्यात निळसर हिरवी झाक आहे कारण ते रंग त्याने प्रिंटवर हाताने थर देऊन आणलेत. आज त्याच्या तीनच प्रिंट माहीत आहेत आणि हाताचं काम असल्यामुळे तिन्हीचा रंग वेगळा! त्यातली एक 2006 मध्ये लिलावात 29 लाख डॉलरच्या वर गेली, तेव्हा फोटोसाठी हा विक्रम होता.

1907 मध्ये ल्यूमिएर बंधूंचं ऑटोक्रोम बाजारात आलं. काचेच्या प्लेटवर बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण, नारिंगी हिरव्या जांभळ्या रंगात रंगवलेले, आणि त्यांच्यातून गाळून येणारा उजेड. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके, लांबून चित्र. इथे इम्प्रेशनिस्ट लूकसाठी काही करायचीच गरज नव्हती, तो केमिस्ट्रीतच होता.

मग वारं फिरलं. स्टिग्लिट्झच सरळ, हात न लावलेल्या फोटोकडे वळला आणि 1917 चा 'कॅमेरा वर्क'चा शेवटचा अंक त्याने पॉल स्ट्रँडच्या फोटोंना दिला. 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांनी ग्रुप एफ/64 काढला, नावातच बारीक अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारं छिद्र), म्हणजे जवळच्या दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं टकाटक शार्प. अ‍ॅडम्सने स्वतः सुरुवातीला सॉफ्ट फोकस करून पाहिलं होतं हे मात्र लोक विसरतात. त्यानंतर कित्येक दशकं लँडस्केप म्हटलं की अ‍ॅडम्स, आणि बेल्जियमच्या लेओनार मिझोनसारखा माणूस, जो धुक्यातल्या उन्हासाठी आणि पावसातल्या रस्त्यांसाठी जगला आणि ज्याला फोटोग्राफीतला कोरो म्हणायचे, तो इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीपुरता उरला. हे अन्यायाचं झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हे वारं जरा वेगळं वाहिलं. मुंबईचे पारशी फोटोग्राफर शापूर भेडवार 1890 च्या आसपास लंडनला शिकून तिथल्या प्रदर्शनांत झळकले होते, त्यांचं काम मुख्यतः माणसं बसवून रचलेल्या प्रसंगांचं, पण वळण पिक्टोरियलच. आणि 1930 च्या दशकात, तिकडे एफ/64 चा जोर असताना, इथे कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे ही संस्था उभी राहिली, जे. एन. उनवालांसारखे लोक पिक्टोरियल पद्धतीनेच काम करत राहिले. आपल्या कॅमेरा क्लबांमध्ये अजूनही 'सलोन' (फोटोंचं प्रदर्शन) आणि 'पिक्टोरियल' हे शब्द रोजच्या वापरात आहेत ते त्याच परंपरेतून आलेत.

आयसीएमची मुळं मात्र डार्करूममध्ये नाहीत, कलर फिल्ममध्ये आहेत. 1950 च्या दशकात कोडाक्रोम ही कलर फिल्म इतकी स्लो होती, म्हणजे तिला उजेड खूप लागायचा (जेमतेम 10 एएसए, हे त्या वेगाचं माप), की हलणारी गोष्ट गोठवणं अवघड. अर्न्स्ट हास या फोटोग्राफरने ते ब्लर टाळायचं सोडून दिलं आणि स्पेनमधल्या बुलफाइटमध्ये, घोड्यांच्या शर्यतीत शटर मुद्दाम स्लो ठेवून कॅमेरा हलवला, रंग एकमेकांत वाहू दिले. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या कलर फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तीच गोष्ट कॅनडाच्या फ्रीमन पॅटरसनने झाडांवर, शेतांवर नेली, मल्टिपल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फ्रेमवर अनेक फोटो, पण वापरलं. पेप व्हेंतोसा तर एकाच झाडाभोवती गोल फिरून फोटो काढतो आणि ते एकावर एक ठेवतो, झाडाचं खोड जेमतेम जागेवर राहतं आणि भोवतीचं जग विरघळतं.

आता मोबाइलमध्ये बोट लावलं की मोनेसारखा फिल्टर लागतो, त्यामुळे हे सगळं एकाच पोत्यात घातलं जातं. पण फिल्टर काढून झालेल्या फोटोवर ब्रशच्या खुणा चिकटवतो. अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून कॅमेरा खोडांच्या दिशेने वरून खाली आणला, तर त्या अर्ध्या सेकंदात प्रत्यक्ष पडलेला उजेड सेन्सरवर उतरतो, वारा आला तर वेगळा, ढग सरकला तर वेगळा, आणि दुसऱ्यांदा तसाच फोटो येत नाही.