मँटिस कोळंबीचे घरगुती संगोपन

मँटिस कोळंबी हा कवचधारी प्राण्यांच्या स्टोमॅटोपोडा गणातला समुद्री शिकारी प्राणी. नावात कोळंबी असली तरी ही खरी कोळंबी नव्हे. कोळंबी, खेकडे आणि शेवंड ज्या शाखेत मोडतात तिच्यापासून हा गण फार पूर्वीच वेगळा झाला. छातीशी दुमडलेल्या पुढच्या पायांमुळे ती प्रार्थनाकीटकासारखी दिसते, म्हणून मँटिस. जगात तिच्या सुमारे ४५० जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या मोजक्याच घरच्या टाकीत नीट नांदतात.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत हिचा शिरकाव चोरपावलांनी झाला. प्रवाळ पाळणारे लोक समुद्रातून आणलेले सच्छिद्र, सजीवांनी भरलेले दगड टाकीत रचतात. त्यांना लाइव्ह रॉक म्हणतात. या दगडांच्या भोकांत बसून छोट्या मँटिस कोळंब्या घरात येत. मग रात्री काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येई, गोगलगाई एकेक करून गायब होत आणि सकाळी एखाद्या भोकाबाहेर फुटक्या शंखांचा ढीग दिसे. नखी झटकून आवाज काढणारी पिस्तूल कोळंबीही असाच आवाज करते, त्यामुळे पुष्कळदा मँटिस कोळंबीच्या गुन्ह्याची शिक्षा त्या निरुपद्रवी पिस्तूल कोळंबीला झाली आहे. नको असलेला पाहुणा काढायचा तर दगड बाहेर काढून भोकात सोडावॉटरची पिचकारी मारतात. प्राणी धडपडत बाहेर येतो. अशा पकडलेल्या ‘उपद्रवी’ प्राण्याला मारून टाकण्याऐवजी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून पाहणाऱ्यांतूनच हा छंद वाढला.

शिकारीच्या पद्धतीवरून यांचे दोन गट पडतात. भालेकरी जातींच्या पायाला काटेरी दाते असतात. त्या वाळूच्या किंवा चिखलाच्या बिळात दबा धरून मासे आणि मऊ अंगाचे जीव टोचून पकडतात. ठोसेकरी जातींच्या पायाचा शेवट गदेसारखा असतो आणि शंख, शिंपले, खेकडे फोडणे हा त्यांचा धंदा. जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मोर मँटिसचा, म्हणजे ओडोन्टोडॅक्टिलस सिलॅरस या जातीचा, ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. त्याचा वेग सेकंदाला १४ ते २३ मीटर भरला. निव्वळ स्नायूंच्या जोरावर हा वेग गाठता येत नाही. पायातल्या खोगिराच्या आकाराच्या भागात आधी ताण साठवला जातो आणि खिटी सुटल्यासारखा तो एकदम मोकळा होतो. ठोशामागे पाण्यात पोकळीचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना भक्ष्याला दुसरा दणका बसतो.

‘काच फोडणारा प्राणी’ ही तिची ख्याती यातूनच आली. १९९८ साली इंग्लंडमध्ये टायसन नावाच्या मँटिस कोळंबीने टाकीची पाव इंच जाडीची काच फोडल्याची बातमी गाजली होती. तरी ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. पाच-सात सेंटिमीटरच्या जातींकडून चांगल्या काचेला धोका नसतो. अठरा सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या मोर मँटिससाठी जाड काच किंवा ॲक्रिलिक वापरतात आणि तळाच्या वाळूखाली ॲक्रिलिकची पट्टी घालतात, कारण बीळ खणता खणता ती थेट तळकाचेपर्यंत पोचते. खरा धोका असतो तो काचेच्या नळीच्या हीटरला. तो जाळीत बसवावा, नाहीतर बाजूच्या टाकीत ठेवावा.

या प्राण्याचे सगळे बिऱ्हाड बिळाभोवती असते. टाकी सजवताना पाळणारा आपल्याला काय दिसेल याचा विचार करतो आणि तिथेच गाडी चुकते. बीळ मनासारखे नसेल तर मँटिस कोळंबी दिवसेंदिवस दगडाच्या कपारीत दडून राहते. हवे तसे मिळाले तर दारात डोके काढून दिवसभर बाहेर पाहत बसते. अंगाच्या लांबीच्या निदान दुप्पट लांब आणि आत वळता येईल इतपत रुंद पीव्हीसी नळी वाळूत अर्धवट पुरून दिली की काम भागते. सोबत शंखांचे तुकडे, छोटे खडे आणि प्रवाळाचा चुरा टाकून ठेवावा. ती एकेक खडा पुढच्या पायांत धरून आणते, दाराशी लावून पाहते, पटला नाही तर बाजूला टाकते. दार अरुंद करण्याचे हे काम कित्येकदा रोज नव्याने चालते.

कात टाकण्याच्या आधी मात्र ती हेच दार पूर्ण बंद करून घेते आणि खाणे सोडते. नवखा पाळणारा या वेळी हमखास घाबरतो आणि प्राणी मेला की काय म्हणून नळी उचलून बघतो. तसे करू नये. कात टाकल्यावर कवच आणि गदा काही दिवस मऊ असतात. तेव्हा तिला मारताही येत नाही आणि मार सोसताही येत नाही. अशा अवस्थेतही बिळावर चालून आलेल्यापुढे ती पाय फाकवून धमकीचा पवित्रा घेते. जीवशास्त्रज्ञ रॉय कॅल्डवेल यांच्या अभ्यासातून दिसले की हा पवित्रा निव्वळ हूल असतो, आणि पुष्कळदा ती लागूही पडते. दार उघडले की टाकलेली कात बाहेर येऊन पडते. तिच्यात डोळ्यांचे देठ आणि पोकळ गदा जशाच्या तशा दिसतात. अनेक जण ती वाळवून जपून ठेवतात.

पाण्याच्या बाबतीत प्रवाळापेक्षा हिचे चोचले कमी. क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम आणि तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावण्यासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत. तांबे असलेली माशांची औषधे या टाकीत कधीही घालू नयेत. कवचधारी प्राण्यांना ती विषासारखी असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचेच तापमान तिशीपार जाते. तेव्हा पाणी थंड करणारा चिलर लागतो, आणि वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही. मोर मँटिस खोल, मंद उजेडाच्या पाण्यातली असल्याने तिच्यावर प्रवाळासाठीचे प्रखर दिवे लावू नयेत. तिच्या कवचावर काळे, खड्डे पडलेले डाग दिसू लागतात. अनुभवी पाळणारे या कवचरोगाचा संबंध जास्त उजेड, अपुरे बीळ आणि खराब पाणी यांच्याशी जोडतात. खात्रीचा उपाय नाही. पुढची कात सुखरूप पडली तर डाग जातात.

खायला जिवंत गोगलगाई आणि छोटे खेकडे द्यावेत, अधूनमधून बाजारातल्या ताज्या कोळंबीचा तुकडा चिमट्याने पुढे करावा. फक्त मऊ अन्नावर ठेवले तर ती जगते, पण तिचा ठोसा बघायला मिळत नाही, मग पाळायची कशाला? शंख दिला की ती आधी स्पर्शिकांनी चाचपते, तो फिरवून हवा तसा धरते आणि मगच ठोसे सुरू करते. टाकीत दुसरा प्राणी ठेवायचा असेल तर तो आज ना उद्या खाद्य होणार हे धरून चालावे. हात घालायचा झाल्यास प्राणी कुठे आहे ते आधी पाहावे आणि बाहेर काढताना डब्याचा वापर करावा.

एवढा खटाटोप लोक करतात तो बहुतांशी तिच्या डोळ्यांसाठी. देठावरचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, आणि एकेका डोळ्यात एकावर एक तीन काळे ठिपके दिसतात, कारण त्याचे तीन भाग एकाच जागेकडे पाहू शकतात. रंग टिपणाऱ्या बारा प्रकारच्या ग्राहक पेशी तिच्या डोळ्यांत आहेत. त्यावरून ‘आपल्याला न दिसणारे असंख्य रंग तिला दिसतात’ असे बेधडक लिहिले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र जवळजवळच्या छटा ओळखण्यात ती माणसापेक्षा कच्ची ठरली. ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक दिशेने कंप पावतात असा प्रकाश, ओळखण्यात मात्र तिची बरोबरी करणारे प्राणी विरळा.

घरच्या टाकीत पैदास जवळजवळ होत नाही. मादी अंडी सांभाळते, पण अळ्या दीर्घकाळ पाण्यात तरंगत राहतात आणि एकमेकींना खातात. म्हणून विक्रीला येणारे प्राणी समुद्रातून पकडलेले असतात. मोर मँटिस बहुधा इंडोनेशियाकडून येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात नको असलेल्या मासळीबरोबर मँटिस कोळंब्या भरपूर सापडतात, पण त्या चिखलात राहणाऱ्या भालेकरी जाती. जाळ्यात रगडल्या गेल्याने त्या टाकीत क्वचितच टिकतात. लाइव्ह रॉक स्वतः गोळा करण्याच्या फंदात तर पडूच नये. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि प्रवाळाचा दगड उचलणे हा गुन्हा ठरतो.