चालक कसबी असला तरी गल्ली रुंद होत नाही

‘चालक हुशार असेल तर साधा फोर्कलिफ्ट दोन रॅकमधल्या तीन मीटरच्या गल्लीतही पॅलेट (माल रचायचा पाट) लावतो’ हा समज गोदामांत वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे, आणि रॅकचे खांब वाकतात ते यामुळेच.

हिशोब साधा आहे. वळणाची त्रिज्या २२०० मिमी, पुढच्या चाकाच्या आसापासून फोर्कच्या (पॅलेट उचलणाऱ्या काट्यांच्या) मुळापर्यंत ४५० मिमी, पॅलेट १२०० मिमी, मोकळी जागा २०० मिमी: एकूण ४०५० मिमी, म्हणजे गल्ली चार मीटरहून रुंद हवी. साधा फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळतो, त्यामुळे समोर पॅलेटकडे लक्ष असताना तोल राखणारे मागचे वजन पाठीमागच्या रॅकवर आदळते.

रीच ट्रक या प्रकारात मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब) मागे सरकतो, पॅलेट ट्रकच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये येते आणि साधारण २.८ मीटर पुरतात. टरेट ट्रक तर गल्लीत वळतच नाही, फक्त फोर्क फिरतात. म्हणून त्याला १.६ ते १.८ मीटर बस्स. पण त्याला सरळ चालवायला गाइड रेल किंवा जमिनीतली वायर हवी, आणि सपाट फरशी तर हवीच. चाकांमधल्या एक मीटरवर २ मिमी उतार असेल, तर १० मीटर उंचीवर मास्ट २० मिमी कलतो. मास्टची स्वतःची लवचीकता वेगळीच.