सेझिंकोट हाऊस आणि त्याची बाग

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये, मोरटन-इन-मार्शजवळची जुनी हवेली. बाहेरून मुघल धाटणीची, कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, छत्र्या, रुंद छज्जे, आत शिरलं की मात्र त्या काळातलं नेहमीचं इंग्लिश घर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलने ती बांधून घेतली. इस्टेट मुळात त्याचा भाऊ कर्नल जॉनने १७९५ मध्ये घेतलेली, तो १७९८ मध्ये वारला. आर्किटेक्ट आणखी एक भाऊ, सॅम्युएल पेपिस कॉकरेल. बांधकाम साधारण १८०५ चं मानतात, पण काम पुढे काही वर्षं चालूच होतं असं दिसतं.

बाग कोणाची यावर मात्र वाद आहे. बरेच जण सरळ त्या काळचा नामांकित बागरचनाकार हम्फ्री रेप्टन याचं नाव देतात, आणि आपला सल्ला घेतला होता असं त्याने स्वतः १८०८ मध्ये छापलंय, पण तो आपल्या गिऱ्हाइकांना आराखड्यांची जी ‘रेड बुक्स’ करून द्यायचा तसं सेझिंकोटचं एकही सापडत नाही. उलट १७८६ ते १७९३ भारतात फिरलेला चित्रकार टॉमस डॅनियल, त्याची या कामाबद्दलची पत्रं शिल्लक आहेत, म्हणून निदान सूर्याचं देऊळ, पूल आणि त्यावरचे नंदी यांचं श्रेय त्यालाच द्यावं हे जास्त पटतं. पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत असं म्हणतात. डॅनियलने ती लेणी पाहून चित्रं काढलेली, शिवाय पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढणारा जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारल्यावर त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून डॅनियलनेच १८०३ मध्ये चित्रसंच काढला, म्हणजे सेझिंकोटचं काम सुरू होण्याआधीच आपल्याकडची लेणी त्याच्या हाताखालून गेली होती, आणि मराठी माणसाने इथे जाऊन आधी बघावेत ते हेच खांब.

ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन (समुद्रकाठचा घुमटांचा राजवाडा) सेझिंकोटवरूनच सुचला, हे अर्धंच खरं धरावं. प्रिन्स ऑफ वेल्स (पुढचा चौथा जॉर्ज) १८०७ च्या सुमारास इथे येऊन गेला हे मान्य, पण ब्रायटनचे घुमटवाले तबेले आर्किटेक्ट विल्यम पॉर्डनने त्याआधीच सुरू केले होते. पॅव्हिलियनला आजचं रूप देणाऱ्या आर्किटेक्ट जॉन नॅशचं काम १८१५ नंतरचं.

बाग ओढ्याच्या कडेने उतरत जाते, वर देवळाजवळचं तळं, मग पूल (खालून पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत जाता येतं, बसायला बाकही आहे), त्याखाली नागाचं कारंजं. दक्षिणेकडची कालवा असलेली चारबाग (चार भागांत विभागलेली मुघल बाग) वळणाची बाग जुनी नाही, १९४४ मध्ये इस्टेट घेतलेल्या क्लाइनवर्ट कुटुंबाने १९६० च्या दशकात केलेली.

मालमत्ता खाजगी आहे. बाग ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक दिवशीच उघडी असते, घर फक्त गाइडबरोबर बघता येतं, त्यामुळे वेळा आधी बघूनच निघावं.