भांडे धरण्याचा चौकोन आणि भांड्याखालची बैठक

आईला स्वयंपाकघरात रोज वापरता येईल असे काहीतरी स्वतःच्या हाताने शिवून द्यावे असे ठरवले, की बहुतेकजण जुन्या कापडाचा जाडसर चौकोन शिवायला घेतात. परंतु तो तापलेले भांडे उचलण्यासाठी आहे की उतरवलेले भांडे टेकवण्यासाठी, हे सुई हातात घेण्यापूर्वी सहसा कोणी ठरवत नाही. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या असतात आणि दोन्हींना तोच धावदोरा चालतो.

साताऱ्यात आईसाठी मी पहिला चौकोन शिवला तो वाकळीच्या सवयीने, जुन्या चादरीचे आठ थर घालून आणि टाके अगदी जवळजवळ घेऊन. भाताचे पातेले उतरवताना आईने तो दोनदा चिमटीत धरून पाहिला, दोन्ही वेळा कड निसटली. मग काही न बोलता तिने चौकोन ओट्यावर ठेवला, पदराने पातेले उचलले आणि त्याच चौकोनावर टेकवले. वस्तू कशाची झाली होती, ते तिला माझ्याआधी कळले.

आपल्या पातेल्याला दांडा नसतो, त्याची पातळ कड अंगठा आणि बोटे यांच्यात पकडावी लागते. म्हणून धरण्याचा चौकोन आधी वाकला पाहिजे, जाडी त्यानंतर. धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीचे चार थर, सात इंचांची बाजू आणि बोटभर अंतरावर टाक्यांच्या ओळी एवढे पुरते. ओळी दाट घेतल्या की कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते. कापड आणि दोरा दोन्ही निव्वळ सुती हवेत, कारण पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटते आणि भाकरीचा तवा त्या तापमानाच्या आसपास सहज पोहोचतो. सूत काळे पडते, पण वितळत नाही. शंका असल्यास एक धागा जाळून पाहावा: सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी उरतो. (पदराचा प्रश्न इथेच येतो, कारण आजच्या रोजच्या साड्या बहुतेक सुती नसतातच, पण ते आईला सांगून उपयोग नाही.)

बैठकीला वाकण्याची गरज नाही. ती भांड्याच्या बुडापेक्षा मोठी, साधारण दहा इंचांची, आणि सपाट असावी. माण-खटावकडची जुनी, विरलेली घोंगडी घरात असेल तर तिचा तुकडा मधे घालावा, कारण लोकर हवा धरून ठेवते आणि चटकन पेट घेत नाही. इथे मात्र टाके दाट हवेत, नाहीतर आतला थर गोळा होऊन आमटीचे भांडे कलते.

बैठक थोडी ओली झाली तरी फारसे बिघडत नाही; ओल्या चौकोनाने मात्र हात भाजतो. स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, शिवाय त्याच पाण्याची वाफ होऊन बोटांना लागते. त्यामुळे चौकोनाच्या कोपऱ्याला नाडी लावावी आणि तो शेगडीपासून दूर खिळ्यावर कोरडा टांगावा.

देण्यापूर्वी चौकोन धरून भरल्या पातेल्याची कड उचलून पाहावी. पाणी अर्थातच थंड असू द्यावे.